पाणी कुठं मुरतंय?

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडायला लावतो. इंजिन सुरू करतो, कान देतो, सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराचा रंग बघतो. डॅटसन २४० झेड बघायला जाल तर हे सगळं जरूर करा, पण सर्वांत शेवटी. आधी जुने कपडे घाला, एक टॉर्च आणि एक बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरका. या गाडीचं इंजिन सहसा मरत नाही आणि पत्रा सहसा टिकत नाही. तिची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः पाण्याचा माग काढणं: ते कुठून शिरलं, कुठं थांबलं, किती वर्षं थांबलं. 'कुठंतरी पाणी मुरतंय' असं आपण माणसांच्या व्यवहारांबद्दल म्हणतो. इथं ते शब्दशः घ्यायचं.

निस्साननं ही गाडी १९६९च्या ऑक्टोबरमध्ये लोकांपुढं आणली. जपानमध्ये तिचं नाव फेअरलेडी झेड. कंपनीच्या आधीच्या उघड्या टपाच्या स्पोर्ट्स गाड्यांना 'माय फेअर लेडी' या संगीतिकेवरून हे नाव दिलेलं होतं, तेच पुढं चालू राहिलं. अमेरिकेतला कारभार बघणारे युताका कातायामा यांना मात्र हे नाव तिथल्या गिऱ्हाइकाच्या गळी उतरेल असं वाटेना. त्यांनी आलेल्या गाड्यांवरची ती अक्षरं उपटून काढली आणि तिथं '२४० झेड' लावलं, ही गोष्ट झेडवेडे लोक आजही चवीनं सांगतात. (अमेरिकन माणूस त्या शेवटच्या अक्षराला 'झी' म्हणतो, जपानी 'झेत्तो'. आपण आपलं शाळेत शिकलेलं झेडच म्हणू.) २४० म्हणजे २.४ लिटर. अमेरिकेत किंमत ठेवली होती ३,५२६ डॉलर, म्हणजे त्या काळच्या जग्वारपेक्षा पुष्कळच कमी. आपल्याकडे डॅटसन म्हटलं की २०१४ साली आलेली छोटी 'गो' आठवते आणि ती काही फार दिवस टिकली नाही. त्यामुळे याच नावावर एके काळी जग भाळलं होतं हे सांगूनही पटत नाही.

त्या किमतीत सहा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पुढं डिस्क ब्रेक आणि रॅक-पिनियनचं स्टिअरिंग मिळत होतं. वजन जेमतेम हजार-साडेदहाशे किलो. एवढं स्वस्त आणि एवढं हलकं एकाच वेळी जमवायचं तर कुठंतरी हात आखडावा लागतो. इथं तो पत्र्यात आणि पत्र्याच्या आतल्या रंगात आखडला गेला. पत्रा पातळ. उंबरठे, खांब आणि आडव्या पट्ट्या या बंद पोकळ पेट्या आणि त्यांच्या आतून गंजापासून संरक्षण जवळपास नाहीच. त्या काळच्या इटालियन गाड्यांचीही तीच कथा होती, त्यामुळे एकट्या निस्सानला बोल लावण्यात अर्थ नाही. पण एक लक्षात ठेवायचं: या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पेट्याच भार उचलतात. तेव्हा गंज दिसला की तो फक्त रूपाचा प्रश्न समजू नये, गाडीच्या हाडांचा समजावा.

आता पाण्याबरोबर वरून खाली येऊ.

पावसाचं पाणी पुढच्या काचेवरून ओघळतं आणि काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून आत उतरतं. ही जाळी आतल्या माणसांना हवा मिळावी म्हणून असते. खालच्या पन्हाळीसारख्या पेटीतून पाणी नळ्यांवाटे बाहेर जावं अशी योजना आहे. गाडी झाडाखाली उभी राहिली की त्या पेटीत पानं पडतात, धूळ बसते, दोन पावसांत त्याचं खत होतं आणि नळ्या तुंबतात. मग पाणी तिथंच राहतं किंवा डॅशबोर्डामागून पाय ठेवायच्या जागेत ठिबकतं. फरशीच्या पत्र्यावर कारखान्यानं आवाज दाबण्यासाठी डांबराचे जाड थर चिकटवले आहेत. एकदा का पाणी त्यांच्याखाली गेलं की ते बाहेर पडतच नाही. वरून गालिचा कोरडा, त्याखाली डांबर शाबूत, आणि त्याखाली पत्रा पापडासारखा. म्हणूनच स्क्रूड्रायव्हर. फरशी खालून टोचत जायचं. जिथं टणक आवाज येतो तिथं पत्रा आहे, जिथं टोक आत जातं तिथं फक्त डांबर आहे.

पुढच्या चाकानं उडवलेला चिखल मडगार्डाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. हे मडगार्ड बोल्टवर बसवलेले आहेत, काढता येतात. ते काढलं की आत ओंजळभर जुनी माती सापडते आणि तिच्यामागं उंबरठ्याचं तोंड खाल्लेलं दिसतं. तिथून गंज उंबरठ्याच्या पोकळीतून मागे सरकतो आणि दाराच्या मागं, मागच्या चाकाच्या पुढं जो वळणदार कोपरा आहे तिथं बाहेर फुटतो. इंग्रजी जाणणारे मेकॅनिक त्याला 'कुत्र्याचा पाय' म्हणतात. तिथं रंगाखाली फोड आलेले असतील तर ते नुसते फोड नव्हेत, आत वर्षानुवर्षं चाललेल्या कारभाराचा शेवटचा धागा बाहेर आला असं समजा.

बॅटरीची जागा वेगळी बघायची. डावीकडं स्टिअरिंग असलेल्या गाडीत ती इंजिनाच्या उजव्या बाजूला, आतल्या भिंतीलगत असते. जुन्या बॅटरीतून अ‍ॅसिडची वाफ आणि थेंब गळत राहतात. आधी ट्रे जातो. ट्रे गेला याचं कोणाला दुःख नसतं, पण थेंब खाली जातात आणि खाली पुढच्या भागाचा भार वाहणारी पेटीसारखी पट्टी आहे. ट्रेवर नवा पत्रा ठोकून वर काळा रंग मारलेल्या गाड्या बाजारात भरपूर असतात. ट्रे बघू नका, त्याच्याखालची पट्टी बघा. शेवटी मागं जा: डिक्कीच्या दाराची खालची कड, स्टेपनीचा खड्डा, मागच्या दिव्यांखालचा पत्रा. आणि खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. मऊ कापडात गुंडाळून ते उंबरठ्यावरून फिरवलं की जिथं ते सुटतं तिथं पत्र्याच्या जागी लांबी भरलेली आहे.

हे सगळं बघून झाल्यावर नंबर वाचायचे. डावं स्टिअरिंग असलेल्या निर्यातीच्या गाडीचा क्रमांक एचएलएस३० ने सुरू होतो, उजव्याचा एचएस३० ने. इंजिनच्या खोलीतल्या पट्टीवर चासीबरोबर इंजिनाचाही क्रमांक कोरलेला असतो. तो ब्लॉकवरच्या क्रमांकाशी जुळला तर गाडीची किंमत वाढते. माझ्या मते खरेदी करणाऱ्यानं या जुळण्याला जेवढं महत्त्व द्यावं त्यापेक्षा दुप्पट दिलं जातं. जुळणारा क्रमांक आणि कुजलेली फरशी यापेक्षा परका ब्लॉक आणि धड पत्रा केव्हाही बरा.

गाडी घरी आली की हात शिवशिवतात. सगळं उघडून टाकावं, एकेक तुकडा चकचकीत करावा असं वाटतं. इथं थांबावं. जुन्या गाड्या जितक्या अपघातात संपल्या तितक्याच बहुधा खोक्यांत संपल्या असतील: उत्साहानं खोललेल्या, पिशव्यांत भरलेल्या आणि तिसऱ्या वर्षी 'प्रोजेक्ट, अर्धवट' म्हणून विकलेल्या. गाडी चालती असेल तर ती चालती ठेवूनच एकेक भाग हातात घ्यावा. पूर्ण खोलायची ती तेव्हाच, जेव्हा फरशी आणि उंबरठे दोन्ही गेलेले असतील. मग मात्र पर्याय नसतो.

खोलताना प्रत्येक जोडाचा फोटो काढायचा, नट-बोल्ट भागानुसार वेगळ्या पिशव्यांत. या गाडीच्या बोल्टांवर, क्लिपांवर, लहान ब्रॅकेटांवर मूळचा पिवळसर, किंचित इंद्रधनुषी झाक मारणारा जस्ताचा मुलामा आहे. सगळे बोल्ट एका बादलीत घालून मुलामा देणाऱ्याकडं एकदाच पाठवतात आणि मग त्यांतला कोणता कुठला हे ओळखत बसतात. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या तिथं कामी येत नाहीत, कारण पिशव्या घरी आणि बोल्ट बादलीत. त्यांची मापं वहीत उतरवून ठेवलेली बरी.

उंबरठा कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे-तिरपे वेल्ड करून तिला जखडून घ्यावं लागतं. भार उचलणारी पेटीच कापली की मधली गाडी हळूच खाली बसते. डोळ्याला काही कळत नाही. नवा उंबरठा छान बसतो, रंग होतो आणि मग दार लागत नाही. हा दोष नंतर काढता येत नाही. कापलेल्या जागी नवा पत्रा बसवताना कारखान्याचे ठिपक्यांचे वेल्ड असतील तिथं नव्या पत्र्याला लहान भोकं पाडून ती वेल्डनं भरतात, म्हणजे जोड मूळच्यासारखा राहतो. एका दमात लांब रेघ मारली तर उष्णतेनं पातळ पत्रा पाणी हलल्यासारखा लाटांचा होतो. वाळूच्या माऱ्यानं गंज काढतानाही तेच भय: बॉनेट, टप आणि दारांचे मोठे सपाट पत्रे त्या माऱ्यानं कायमचे फुगतात. तिथं रसायनानं किंवा हातानं खरवडूनच रंग काढावा. मग एपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलंट आणि पोकळ पेट्यांत मेणाचा फवारा. या उत्साहात एक चूक हमखास होते: दारांच्या आणि उंबरठ्यांच्या खालची पाणी निघायची बारीक छिद्रं सीलंटनं बुजतात. पुढच्या मालकासाठी गंजाची सोय आपणच करून ठेवतो.

मागच्या सस्पेन्शनमध्ये एक काम आहे ज्याचं नाव काढलं की झेडवाले हसतात, कारण प्रत्येकाचा त्याच्याशी सामना झालेला असतो. मागच्या प्रत्येक चाकाच्या खालच्या आडव्या हाताला स्ट्रटच्या बुडाशी जोडणारी एक लांब लोखंडी पिन आहे. ती रबरी बुशांमधून आणि मधल्या ओतीव भागातून आरपार जाते आणि मध्यभागी एका लहान तिरप्या कुलूप-पिनीनं अडकवलेली असते. बुशांच्या आतली लोखंडी नळी आणि ही पिन यांच्यामध्ये पन्नास वर्षांचं पाणी शिरलेलं. दोन्ही मिळून एकच धातू झाल्यासारखे होतात. आधी ती कुलूप-पिन काढायची. ती विसरून वरून घण घालणारे अनेक. मग दोन-तीन दिवस गंज सोडवणारं तेल पाजत राहायचं, अधूनमधून उष्णता द्यायची. पिनीच्या टोकावर हातोडी मारली की आटे चपटे होऊन टोक अळंबीसारखं पसरतं आणि मग ती भोकातून जाणंच शक्य नसतं. त्याऐवजी टोकाच्या आट्यांवर नट चढवून, मध्ये जाड पाइपाचा तुकडा आणि वायसर घालून, नट पिळत पिनीला ओढून काढतात. तेही साधलं नाही तर बुश करवतीनं कापून हात मोकळा करायचा आणि पिन नवी घालायची. घालताना तिला भरपूर ग्रीस. हे काम एका दिवसात होईल असं धरून बसलेल्या माणसाचा रविवार जातो आणि पुढचाही.

इंजिनकडं आलो की सूर बदलतो. एल२४ हे २,३९३ घनसेंटीमीटरचं, एका ओळीत सहा सिलिंडरचं इंजिन. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट वर एकच आणि तो साखळीनं फिरणारा. क्रँकशाफ्टला सात बेअरिंगांचा आधार आहे, त्यामुळे ते दणकट. १९७१ साली आणि पुन्हा १९७३ साली पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली या गाडीनं जिंकली, तीही चिखल, नदीपात्रं आणि धुळीतून. १९७३च्या विजेत्या गाडीच्या चाकामागं होते युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे शेखर मेहता. त्या खेपेला दुसऱ्या डॅटसनच्या ड्रायव्हरशी त्यांची गुणांत बरोबरी झाली होती आणि निकाल बरोबरी फोडण्याच्या नियमावर लागला. अशा इंजिनाला घरगुती वापरात फारसं काही होत नाही. जे होतं ते बहुतेक माणसाच्या हातून होतं.

हेड उतरवतानाचंच बघा. कॅमशाफ्टचं चक्र सोडलं की साखळी सैल होते. तिला ताणून धरणारा एक लहान स्प्रिंगचा दट्ट्या पुढच्या झाकणाआड, खोल खाली असतो. साखळी ढिली झाली की तो उडी मारून बाहेर पडतो आणि त्याला परत बसवायला इंजिनचं अख्खं पुढचं झाकण काढावं लागतं. हे टाळायला हवी एक लाकडाची पाचर. साखळीच्या दोन फेऱ्यांमध्ये वरून ती ठोकून बसवली की दट्ट्या जागीच राहतो. पाचरीला दोरी बांधून ठेवतात, ती खाली पडली तर शोधायला नको म्हणून. आपल्या भाषेत पाचर मारणारा माणूस कामात खोडा घालतो. इथं पाचर मारली नाही तर खोडा पडतो.

पाणी इंजिनातही मुरतंच. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलेल्या गाडीत बीड आणि अ‍ॅल्युमिनियम यांची जोडी बॅटरीसारखी वागते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट हेडमध्ये असे जाम होतात की पाना लावला आणि जोर दिला की डोकं हातात येतं आणि उरलेला बोल्ट आत राहतो. तिथं जोर करायचा नाही. गरम करायचं, किंचित घट्ट करायचं, किंचित सैल करायचं, पुन्हा तेल, पुन्हा तसंच. आणि पुढं गंजरोधक कूलंट भरायचं. ते गाडीतलं सर्वांत स्वस्त औषध आहे.

कॅमशाफ्टला वरून तेल शिंपडणारी एक बारीक नळी बऱ्याच एल२४ इंजिनांत असते. तिचे जोड सैल झाले की काही कॅमांना तेल कमी पडतं आणि ते झिजतात. टॅपेटचं झाकण काढून इंजिन नुसतं क्रँक करून बघा, प्रत्येक कॅमवर तेल पडतं का. टॅपेटची मापं सोपी आहेत: इंजिन थंड असताना इनलेटला ०.२० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.२५; गरम असताना ०.२५ आणि ०.३०. फिलर गेज घट्ट पण ओढलं की सरकेल असं हवं. लॉकनट घट्ट करताना माप थोडं हलतंच, म्हणून घट्ट केल्यावर पुन्हा गेज घालून बघायचं. टॅपेटचा बारीक टिकटिक आवाज राहिला तर राहू द्या. आवाज करणारं टॅपेट बिघडलेलं नसतं. गप्प असलेल्याबद्दल शंका घ्यावी. फट नाहीशी झाली की व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि त्याची कड जळते.

आता कार्ब्युरेटर. पद्मिनीच्या काळातले वाचक इथं खूश होतील. इंजिनला हिताचीचे दोन कार्ब्युरेटर आहेत, ब्रिटिश एसयूच्या धर्तीचे; प्रत्येक तीन सिलिंडर सांभाळतो. त्यांची युक्ती फार देखणी आहे. वरच्या घुमटाखाली एक पिस्टन आहे आणि त्याच्या बुडाला निमुळती सुई. इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर उचलला जातो, सुई पेट्रोलच्या तोटीतून तितकी वर येते आणि सुई निमुळती असल्यामुळे तोटीची वाट रुंद होते. हवा वाढली की पेट्रोल आपोआप वाढलं. पिस्टन उसळू नये म्हणून वर तेलाची कुपी आहे. चोक इथं हवा अडवत नाही, तोटीच खाली ओढतो. हलणारे भाग इतके थोडे की बिघाड शोधायलाही मजा येते.

घुमट काढून पिस्टन आणि आतली भिंत पेट्रोलनं पुसायची. घासपेपर अजिबात नको, कारण दोघांमधली फटच सगळं काम करते. दोन कार्ब्युरेटरचे पिस्टन-घुमट एकमेकांत बदलू नयेत. ते जोडीजोडीनं जुळवलेले असतात. परत बसवल्यावर बोटानं पिस्टन उचलून सोडायचा. तो खट्‌कन तळाला टेकला पाहिजे. मध्येच अडखळला तर सुई तोटीला घासते आहे. मिश्रणाचा नट आधी पूर्ण वर, मग अडीच फेरे खाली: सुरुवात इथून. मग दोन्ही कार्ब्युरेटरचा श्वास सारखा करायचा. त्यासाठी हवा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरूनही कळतं. एक 'स्स्स' जाड आणि दुसरा बारीक असेल तर थ्रॉटलचे स्क्रू किंचित फिरवत दोन्ही सारखे करायचे. शेवटी एकेक पिस्टन जरासाच, दोन मिलिमीटरभर उचलून बघायचा. इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन मरायला लागलं तर कमी, आणि क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला तर बेत जमला.

पण हे सगळं टॅपेट आणि पॉइंट लावून झाल्यावर. पॉइंटची फट साधारण अर्धा मिलिमीटर. इग्निशनचा दोष कार्ब्युरेटरमध्ये शोधत बसलेला माणूस अख्खी सुट्टी घालवतो आणि शेवटी स्क्रू मूळच्या जागी आणून ठेवतो. आणखी एक: या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, एकावर एक. गरम गाडी बंद केली की खालची धग कार्ब्युरेटरला लागते आणि पेट्रोलची वाफ होते. उन्हाळ्यात पाच मिनिटं थांबून पुन्हा सुरू करताना गाडी रुसली तर बहुधा तेच. मधला उष्णतारोधक पत्रा मागच्या कुणी काढून टाकला असेल तर आधी तो परत बसवा. १९७३च्या गाड्यांवर मात्र चपट्या माथ्याचे, प्रदूषणाच्या नियमांसाठी बदललेले कार्ब्युरेटर आहेत. ते सुधारायचा नाद बहुतेक जण सोडतात आणि जुने गोल घुमटाचे मिळवून बसवतात. माझंही मत तेच.

विजेचं काम थोडक्यात. हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या बटणातून जातो, मध्ये रिले नाही. जुन्या जोडांवर काजळी बसली की बटण आणि फ्यूजची पेटी तापते, कधी वितळते. दोन रिले बसवून करंट थेट बॅटरीकडून दिव्यांकडं न्यायचा. दिवेही उजळ होतात. मूळपणाचा आग्रह मी इतरत्र समजू शकतो, इथं नाही.

ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. उभ्या राहिलेल्या गाडीत हा ओलावा मास्टर सिलिंडर आणि मागच्या ड्रमच्या सिलिंडरांत आतून गंज धरवतो. ब्रेक दाबला की लागतो म्हणून ते चांगले समजायचे नाहीत. सगळं उघडून रबरं आणि नळ्या नव्या, आणि तेल दर दोन वर्षांनी बदलायचं.

सुट्या भागांचं काय, हा प्रश्न आलाच. कंपनीचे मूळ भाग फार थोडे मिळतात, पण फरशीचे पत्रे, रबरं, बुश यांच्या नकला बनवणारे जपान आणि अमेरिकेत आहेत, कारण गाडी भरपूर खपली होती. खर्चाचा हिशेब मात्र कंपनीलाही साधला नव्हता. १९९०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत नवी झेड विकायला नसताना निस्साननं जुन्या २४० झेड गोळा करून, पूर्ण दुरुस्त करून शोरूममधून विकायचा घाट घातला. किंमत सुमारे २५ हजार डॉलर. चाळीसेक गाड्या झाल्या आणि योजना बंद पडली. तिकडं जपानमध्ये तेरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला वाहनकर जास्त लागतो, दर दोन वर्षांनी 'शाकेन' ही कडक तपासणी असते आणि तरीही निस्सानच्या अत्सुगी तांत्रिक केंद्रातले कर्मचारी २००६पासून कामाच्या वेळेबाहेर जमून कंपनीच्या जुन्या गाड्या दुरुस्त करतात. १९७१ची सफारी जिंकलेली झेडही त्यांच्या हाताखालून गेली आहे.

राहिलं वरवरचं रूप. डॅशबोर्डला तडे गेलेले असतील तर ते उन्हानं. फोमवरचं व्हिनाइल आकसतं. त्यावर बसणारं झाकण मिळतं. खरं काम करवून घेणं महाग. रंगाबद्दल एवढंच की तो आधीच्या कामाइतकाच चांगला होतो.

गाडी रस्त्यावर आली. पहिल्याच फेरीत बहुतेकांना आत पेट्रोलचा आणि धुराचा वास येतो. तो सायलेन्सर फुटल्यामुळे नसतो. उतरत्या पाठीमागं हवेचा दाब कमी होतो, धूर तिथंच घोटाळतो आणि डिक्कीच्या दाराच्या फटीतून आत ओढला जातो. खिडकी उघडली की आणखी ओढला जातो. मागच्या दिव्यांच्या मागची पॅकिंगं, पत्र्यातले रबरी बूच, पेट्रोल टाकीच्या हवेच्या जुन्या रबरी नळ्या आणि डिक्कीचं सील एकेक करून तपासायचं. सीलसाठी कागदाची एक पट्टी घ्या, डिक्कीच्या कडेवर ठेवा, दार लावा आणि पट्टी ओढा. अडकली तर सील बसलंय, सहज निघाली तर तिथं फट आहे. अशी एकेक वीत पुढं सरकत पूर्ण कड फिरा आणि जिथं जिथं पट्टी सुटली तिथं खडूनं खूण करा. मग डिक्की उघडून त्या खुणांच्या नेमक्या खाली पत्रा बघा. बहुतेक ठिकाणी तुम्ही नुकताच वेल्ड केलेला तुकडा असेल.